शेवटच्या गोळीनंतर बोल्ट मागे थांबत नाही: एआर-१५ चा नवा बीसीजी घेण्याआधी

डॅलसजवळ राहणाऱ्या माझ्या एका धाकट्या मित्राचा मागच्या महिन्यात रात्री साडेदहाला फोन आला. "दादा, परत तेच. नवा बीसीजी टाकला, चार मॅगझिन झकास चालली, आणि आज पुन्हा शेवटच्या गोळीनंतर बोल्ट मागे थांबेना. मध्येच एक पुंगळी पण अडकली." त्याच्या एआर-१५ रायफलसाठी सहा महिन्यांत त्याने घेतलेला हा दुसरा बोल्ट कॅरियर ग्रुप, म्हणजे बीसीजी: चेंबर बंद करणारा बोल्ट आणि त्याला घेऊन दर गोळीमागे मागेपुढे होणारा कॅरियर. पहिला साधा काळा होता, दुसरा चकचकीत निकेल बोरॉनचा. दोन्ही मिळून साडेतीनशे डॉलर गेले आणि दुखणं होतं तिथेच.

हे दुखणं मी स्वतः काढलेलं आहे. माझ्या सोळा इंची बॅरलच्या, मिड-लेंथ (मधल्या लांबीच्या) गॅस नळीच्या, घरी जोडलेल्या रायफलने मला जवळजवळ वर्षभर असंच दमवलं होतं. साफ केली, तेल दिलं की एक-दोन मॅगझिन सुरळीत. मग हळूहळू पुंगळ्या जवळच पडायला लागायच्या, एखादी अर्धवट बाहेर आलेली बोल्टच्या तोंडात चिमटली जायची, आणि मॅगझिन रिकामं झालं तरी बोल्ट पुढे जाऊन बंद व्हायचा. चाप ओढला की नुसता टक् आवाज. बरं वाटायचं, उलटायचं, पुन्हा बरं वाटायचं. ज्यांच्या रायफलची तक्रार अशी ये-जा करते, त्यांच्यासाठी हे लिहितोय. या तक्रारीवर बहुतेक जण पहिला उपाय म्हणून नवा बीसीजी मागवतात. बऱ्याचदा तो खर्च वाया जातो, आणि जिथे बीसीजी खरोखर दोषी असतो तिथेही लोक चुकीच्या गोष्टी बघून दुसरा निवडतात.

आधी एक गोष्ट, कारण अमेरिकेतल्या आपल्या मंडळींत याबद्दल फार गैरसमज आहे. एच-वन-बी, एल-वन, एफ-वन अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्यांना बंदूक किंवा काडतुसं बाळगायला संघराज्याच्या कायद्याने सर्वसाधारणपणे मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना यासारखे मोजके अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारल्याशिवाय गृहीत धरू नका. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल तर वाट मोकळी आहे, तरी राज्याचा कायदा वेगळा. न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, इलिनॉय, वॉशिंग्टन इथे एआर पद्धतीच्या रायफलींवर कडक बंधनं आहेत. मी टेक्सासमध्ये राहतो, आणि पुढचं सगळं जिथे ही रायफल कायदेशीरपणे तुमच्या नावावर आहे तिथल्यासाठी आहे.

आणि भारतवारीच्या वेळी बॅगा नीट तपासा. बीसीजी इथे सुटा भाग म्हणून घरपोच येतो, कारण कायद्याच्या दृष्टीने 'बंदूक' म्हणजे खालचा रिसीव्हर, चाप आणि मॅगझिन बसतं तो सांगाडा. म्हणून तो हलक्यात घेतला जातो. पण अमेरिकेच्या वाणिज्य खात्याच्या निर्यात-नियंत्रण यादीत बोल्ट आणि बोल्ट कॅरियर नावानिशी आहेत, आणि भारताचा १९५९ चा शस्त्र कायदा शस्त्रांच्या सुट्या भागांनाही शस्त्रच मानतो. रेंजची बॅग आणि प्रवासाची बॅग कायम वेगळी ठेवा. बॅगेच्या कप्प्यात विसरलेल्या एका काडतुसापायी मुंबई विमानतळावर माणसं अडकलेली आहेत.

आता मूळ मुद्दा. ही रायफल चालते कशी हे डोक्यात पक्कं बसलं की निम्मं निदान तिथेच होतं. एआर-१५ ची ही रचना यूजीन स्टोनर यांची. त्यांना तिचं पेटंट १९६० मध्ये मिळालं, आणि त्याच्या आदल्याच वर्षी आर्मालाइटने रायफलचे हक्क कोल्टला विकले होते. गोळी बॅरलमधून जाताना एका बारीक छिद्रातून थोडा गॅस वर, बॅरलवर बसवलेल्या गॅस ब्लॉकमध्ये शिरतो, पातळ नळीतून मागे येतो आणि कॅरियरच्या डोक्यावर बसवलेल्या गॅस कीमधून कॅरियरच्या पोटात जातो. तिथे बोल्टच्या शेपटीवर तीन बारीक कड्या असतात. त्या गॅस रिंगा. बोल्ट म्हणजे पिस्टन, कॅरियर म्हणजे सिलिंडर. गॅस फुगतो, कॅरियरला मागे ढकलतो, बोल्टमधून आडवी जाणारी कॅम पिन त्याला फिरवते, बोल्टला कुलूपबंद ठेवणारे दाते सुटतात आणि सगळा गट पुंगळी घेऊन मागे जातो.

स्प्लेंडर किंवा जुनी बजाज स्कूटर वापरलेल्याला हे लगेच कळेल. गाडी चढावर दम टाकायला लागली की गॅरेजवाला म्हणायचा, "रिंग-पिस्टन बघायला लागेल." कार्ब्युरेटर साफ केला तर दोन दिवस बरी चालायची, मग परत तेच. कारण दाब कुठून तरी निसटत होता. आपल्या रायफलचंही बहुतेक वेळा तेच असतं. बोल्ट पुरता मागे जात नाही, कारण एक तर गॅस कमी येतोय, किंवा आलेला वाटेत गळतोय, किंवा त्याच्यासमोरचं ओझं जास्त आहे. तेल दिल्यावर घर्षण कमी होतं, म्हणून तोकडा गॅसही काम भागवतो. तेल जळलं, काजळी जमली की उणीव उघडी पडते. साफसफाईने तक्रार जाते आणि परत येते त्याचं कारण हे आहे. तेलाने दोष झाकला जातो, दुरुस्त होत नाही.

तपासणीला बसण्याआधी रायफल रिकामी करा. मॅगझिन काढा, चेंबरमध्ये (बॅरलच्या मागच्या टोकाला गोळी बसते तिथे) डोळ्यांनी बघा, बोटाने चाचपा, आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा.

मग हे ठरवा की बोल्ट खरंच कमी मागे येतोय, की मागे येऊनही त्याला कोणी धरत नाही. रिकामं मॅगझिन लावा आणि चार्जिंग हँडल (बोल्ट हाताने मागे ओढायची मूठ) जोरात मागे खेचा. बोल्ट थांबला तर बोल्ट कॅच, म्हणजे त्याला मागे धरून ठेवणारी कळ, आणि मॅगझिन ठीक. नाही थांबला तर दुसरं मॅगझिन लावून बघा. मॅगझिनचा फॉलोअर (गोळ्यांना वर ढकलणारा तुकडा) झिजलेला असला किंवा बोल्ट कॅचची स्प्रिंग दुबळी असली की अगदी हेच दिसतं, आणि बीसीजीचा त्यात काही संबंध नसतो. हाताने थांबतो पण गोळी झाडल्यावर थांबत नाही, तर मात्र बोल्ट पुरता मागे येत नाही. रेंजवर याची सोपी परीक्षा आहे: मॅगझिनमध्ये एकच गोळी भरा, झाडा, बोल्ट मागे थांबायला हवा. लागोपाठ दहा वेळा असं करा आणि किती वेळा थांबला ते लिहून ठेवा. लिहिणं महत्त्वाचं आहे. "बऱ्यापैकी चालते" असं म्हणत राहिलो म्हणून माझं वर्ष गेलं.

पुंगळ्या कुठे पडतात तेही बघा. बॅरलचं तोंड म्हणजे घड्याळातले बारा धरले, तर तीन ते साडेचारच्या दिशेला चांगल्या फेकल्या जाणं हे साधारण निरोगी रायफलचं लक्षण. पाचकडे, जवळच, मरगळल्यासारख्या पडतात तेव्हा गॅस अपुरा. एक-दोनकडे, पुढे जोरात उडतात तेव्हा गॅस जास्त. हा नियम दगडावरची रेघ नाही, डिफ्लेक्टरला (पुंगळी वळवणाऱ्या उंचवट्याला) आपटूनही दिशा बदलते. पण त्याच रायफलची दिशा आठवड्यागणिक सरकत चालली असेल, तर ती काही तरी सांगतेय.

इथे एक फरक सांगायलाच हवा, कारण दोन उलट आजारांना लोक एकच औषध देतात. पुंगळी चेंबरमध्येच राहते, तिची कड फाटलेली दिसते आणि वर दुसरी गोळी येऊन धडकते, तो बहुधा गॅस कमी पडल्याचा प्रकार नाही. तिथे चेंबर खरखरीत असतो, एक्स्ट्रॅक्टरची (पुंगळीची कड पकडून ओढणाऱ्या आकड्याची) स्प्रिंग मेलेली असते, किंवा गॅस इतका जास्त असतो की पुंगळी चेंबरला चिकटलेली असतानाच बोल्ट तिला ओढायला जातो. व्हिएतनाममध्ये एम-१६ ची जी बदनामी झाली त्यात मोठा वाटा याचाच होता. काडतुसातल्या दारूचा प्रकार बदललेला, चेंबरला क्रोमचा थर नाही, साफसफाईचं साहित्य पुरेसं नाही, आणि पुंगळ्या आतच अडकायच्या. १९६७ मध्ये अमेरिकी काँग्रेसमध्ये रिचर्ड आयकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखालच्या उपसमितीने त्याची चौकशी केली. पुढे क्रोमचा चेंबर आला, दुरुस्त्या झाल्या आणि तीच रचना आजपर्यंत टिकली. तुमची पुंगळी आत राहत असेल तर आधी चेंबर ब्रशने घासा आणि एक्स्ट्रॅक्टर बघा. हलका कॅरियर आणलात तर तो आणखी वेगाने मागे जाईल आणि त्रास वाढेल.

बीसीजी बाहेर काढला की आधी रिंगा. बोल्ट पुढे ओढून सगळा गट टेबलावर बोल्टच्या तोंडावर उभा करा. कॅरियर जागच्या जागी उभा राहिला तर रिंगा चांगल्या. स्वतःच्या वजनाने खाली घसरत बसला तर रिंगा झिजल्या. नव्या तीन रिंगांना थोडके डॉलर लागतात. रिंगांच्या फटी एका ओळीत आल्या तर गॅस गळतो असं बरेच जण सांगतात. त्याने व्यवहारात काही बिघडत नाही, फटी जुळवण्यात वेळ घालवू नका.

आता गॅस की. माझा चोर इथे सापडला, म्हणून इथे जरा थांबतो.

ही की कॅरियरवर दोन स्क्रूंनी बसवलेली असते. स्क्रू साधारण ५० ते ५८ इंच-पौंडांनी आवळलेले असायला हवेत, आणि आवळून झाल्यावर कीच्या कडेचा धातू पंचने ठोकून स्क्रूच्या डोक्यात चेपलेला हवा. याला स्टेकिंग म्हणतात. प्रत्येक गोळीमागे ही की गरम दाब सहन करते आणि वर कॅरियरबरोबर मागेपुढे आपटते. स्टेकिंग नसेल तर स्क्रू आज ना उद्या ढिले होतात, आणि की आणि कॅरियर यांच्यामध्ये केसाएवढी फट पडते. ती फट हाताला लागत नाही. की धरून हलवली तर हलत नाही. म्हणूनच मी सहा-सात वेळा तिच्यावरून हात फिरवून पुढे गेलो.

एका रविवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून बसलो होतो. आदल्या दिवशी सव्वाशे गोळ्या झाडल्या होत्या आणि मुद्दामच काही पुसलं नव्हतं. टॉर्च आडवा धरला तेव्हा दिसलं: कीच्या बुडाशी, डाव्या बाजूला, कॅरियरच्या पाठीवर काजळीचा एक पंखा उमटला होता. शिट्टी वाजवणाऱ्या कुकरच्या झाकणाभोवती जसा ओघळ दिसतो, तसा. उजवी बाजू कोरडी, स्वच्छ. मग भिंगातून स्टेकिंग बघितलं. पंचच्या खुणा चार होत्या, पण धातू पुढे सरकलेलाच नव्हता. खुणा कीच्या कडेवर होत्या आणि स्क्रूच्या डोक्यापर्यंत काहीच पोचलं नव्हतं. शिक्का मारल्यासारखं नुसतं दिसायला. अ‍ॅलन की लावली तर पुढचा स्क्रू मनगटाचा जोरही न लावता फिरला.

दर वेळी मी हा पंखा पुसून टाकत होतो. साफसफाई आधी आणि तपासणी नंतर, हा माझा क्रम चुकला होता. तुमची तक्रार परत परत येत असेल तर रेंजवरून आल्यावर काही पुसण्याआधी टॉर्च घेऊन बघा. गॅस जिथून निसटतो तिथे तो काजळीने लिहून जातो.

दुरुस्ती अशी झाली. की काढली, दोन्ही पृष्ठभाग सॉल्व्हंटने स्वच्छ केले. जुने स्क्रू टाकून दिले, कारण ताणलेला स्क्रू पुन्हा तेवढा धरत नाही. नवे स्क्रू टॉर्क रेंचने आवळले आणि स्टेकिंग गनस्मिथकडून (बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून) करून घेतलं. घरी हातोडी आणि पंच घेऊन करता येतं, पण की वाकडी झाली तर ती गॅस ट्यूबवर घासायला लागते आणि नवंच दुखणं मागे लागतं. त्या रायफलने त्यानंतर शेवटच्या गोळीला बोल्ट सोडलेला नाही. दर पाचशे गोळ्यांनी मी टॉर्च लावून बघतो.

माझं कारण कॅरियरमध्ये निघालं. मित्राचं तिथे असणं शक्य नव्हतं, आणि हे त्याला फोनवरच सांगता आलं. दोन वेगळ्या कारखान्यांचे दोन बीसीजी, दोन्हींवर स्टेकिंग भरभक्कम, आणि लक्षण तेच. वाहक बदलूनही माल पोचत नसेल तर रस्ता बघायचा. नवा बीसीजी चार मॅगझिन चालला तो नव्या घट्ट रिंगा आणि भरपूर तेल यांच्या बळावर.

"बफर कुठला आहे?" मी विचारलं. बफर म्हणजे कॅरियरच्या मागे, स्प्रिंगसमोर बसणारं वजन. त्याला ठाऊक नव्हतं. ही फार नेहमीची गोष्ट आहे. बफरच्या तोंडावर कोरलेलं असतं: काहीच नसेल तर कार्बाइन, सुमारे ३ औंस, एच म्हणजे ३.८, एच-टू सुमारे ४.६, एच-थ्री त्याहून जड, साडेपाचच्या आसपास. कोणीतरी धक्का कमी बसेल म्हणून सांगतं, आपण एच-टू टाकतो, आणि स्वस्त .२२३ काडतुसाच्या ५५ ग्रेन वजनाच्या सरावी गोळ्यांना एवढं ओझं मागे लोटणं जड जातं. त्याच मापाच्या लष्करी ५.५६ च्या गोळ्या सहसा जरा जोरकस असतात, त्यांच्यावर तीच रायफल धडधडत चालते. तेव्हा तक्रार काढताना गोळी एकच ठेवा, आणि बफर, स्प्रिंग, बीसीजी यांतली एका वेळी एकच गोष्ट बदला. तिन्ही एकदम बदलल्या आणि रायफल चालली, तर कशाने चालली ते कधीच कळणार नाही.

त्याचा बफर एच निघाला. कार्बाइनचा टाकून बघितला, दहातल्या चारऐवजी सात वेळा बोल्ट थांबला. म्हणजे गॅस अगदी काठावर होता. शनिवारी त्याच्या गॅरेजमध्ये हँडगार्ड (बॅरलभोवतीचं आवरण) उतरवला. गॅस ब्लॉक दोन ग्रब स्क्रूंचा, बॅरलच्या खांद्याला घट्ट टेकवून बसवलेला. पुष्कळ बॅरलवर गॅसचं छिद्र असं आखलेलं असतं की खांदा आणि ब्लॉक यांच्यामध्ये जुन्या पद्धतीच्या हँडगार्डच्या टोपीचा पत्रा बसतो, साधारण ०.०२५ इंचाचा. टोपी नसलेला लांब हँडगार्ड लावला की ती जागा मोकळी सोडावी लागते. त्याने ब्लॉक टेकवला, छिद्रावर छिद्र बसलं नाही. ब्लॉक सरकवून काढल्यावर आतल्या बाजूला काजळीचा ठसा दिसला: पूर्ण गोल असायला हवा तिथे एक कडा खाल्लेला चंद्र. तो ठसा बघून तो बराच वेळ गप्प बसला होता. साडेतीनशे डॉलरचं उत्तर त्या चंद्राच्या खाल्लेल्या कडेत होतं.

एवढं सगळं करून बीसीजी खरोखर घ्यायचाच असेल, नव्या जोडणीसाठी किंवा जुन्याचा बोल्ट तडकला म्हणून, तर काय बघायचं ते आता सांगतो. माझा क्रम दुकानांच्या जाहिरातींच्या बरोबर उलटा आहे.

पहिली गोष्ट स्टेकिंग. फोटो मोठा करून बघा. कीचा धातू स्क्रूच्या दातेरी डोक्यात प्रत्यक्ष शिरलेला दिसला पाहिजे. फोटोत कीचा वरचा भाग दाखवलेलाच नसेल तर विक्रेत्याला मागा, नाहीतर दुसरीकडे बघा.

दुसरी गोष्ट बोल्ट, कारण दर चौरस इंचाला पन्नास-साठ हजार पौंडांचा दाब सोसतो तो बोल्ट. त्याला सात दाते असतात, आठव्याच्या जागी एक्स्ट्रॅक्टर. लष्करी प्रमाणात बोल्टसाठी कार्पेंटर १५८ पोलाद ठरलेलं आहे. ९३१० पोलादाचेही चांगले बोल्ट असतात, पण त्यात उष्णता-प्रक्रिया कोणी आणि किती नीट केली यावर सगळं अवलंबून. बोल्टवर एमपी, किंवा एचपीटी आणि एमपीआय अशी अक्षरं कोरलेली असतात. त्याचा अर्थ जास्त दाबाची गोळी झाडून मग चुंबकीय कणांनी बारीक तडे तपासले. काही ठिकाणी प्रत्येक बोल्ट तपासतात, काही ठिकाणी गठ्ठ्यातला एखादा. हे विचारा. शॉट पीनिंग (बारीक छर्रे आदळून पृष्ठभाग घट्ट करणं) केलंय का तेही विचारा. बोल्ट तडकतो तो बहुतेक दोन जागी: कॅम पिनच्या भोकापाशी, आणि एक्स्ट्रॅक्टरच्या शेजारच्या दात्यांच्या मुळाशी. वापरलेला बीसीजी स्वस्तात मिळत असेल तर या दोन जागा भिंगाने बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

एक्स्ट्रॅक्टरची स्प्रिंग मजबूत आणि तिच्या पोटात काळा इन्सर्ट असावा. कॅरियरच्या पोटात आणि कीच्या आत क्रोमचा थर किंवा नायट्राइड प्रक्रिया असावी. वजन पूर्ण असावं, साधारण साडेअकरा औंस, म्हणजे सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास. आठ-नऊ औंसांचे हलके कॅरियर स्पर्धेतल्या लोकांसाठी आहेत, ज्यांच्याकडे गॅस कमी-जास्त करण्याचा ब्लॉक असतो आणि जे एकेक ठरावीक गोळीसाठी रायफल जुळवतात. पहिल्याच जोडणीत हलका कॅरियर घालू नका. जड कॅरियर बोल्टला जरा जास्त वेळ बंद ठेवतो, काजळीतूनही रेटून पुढे जातो, आणि तुमच्या जोडणीतल्या लहान चुका पोटात घालतो.

काडतूसही जुळायला हवं. .३०० ब्लॅकआउटला ५.५६ चाच बोल्ट चालतो. ६.५ ग्रेंडेल किंवा ७.६२×३९ ला बोल्टचं तोंड वेगळं लागतं, आणि ग्रेंडेलमध्ये तर टाइप वन आणि टाइप टू असे, तोंड कमी-जास्त खोल असलेले दोन प्रकारचे बोल्ट आहेत. बॅरल ज्याच्याकडून घेतली त्याच्याकडूनच बोल्ट घेतलेला बरा.

राहिला वरचा मुलामा. फॉस्फेट काळा आणि खरखरीत असतो, तेल धरून ठेवतो, आणि कित्येक दशकं सैन्यांनी तोच वापरला. नायट्राइड गुळगुळीत आणि टिकाऊ. निकेल बोरॉन किंवा क्रोम पुसायला सोपा, दिसायला देखणा, पण काजळी जमणं थांबत नाही. मुलाम्यापायी वरचे शंभर डॉलर देण्यापेक्षा त्या पैशाच्या गोळ्या घेऊन सराव करा, असं माझं स्पष्ट मत आहे. चांगल्या तपासलेल्या, साध्या फॉस्फेटच्या बीसीजीवर जवळपास सगळ्यांचं काम भागतं.

नवा बोल्ट जुन्या बॅरलमध्ये घालताना हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टचं तोंड आणि चेंबर यांच्यातलं अंतर, तपासायलाच हवं. 'गो' गेजवर बोल्ट बंद झाला पाहिजे, 'नो-गो' वर बंद होता कामा नये. गेज नसतील तर गनस्मिथ थोडक्या पैशात तपासून देतो. मित्राचा बीसीजी रेंजवर उसना घेऊन आपल्या रायफलमध्ये चालवून बघतात, त्यांनीही हे लक्षात ठेवावं.

आणि जोडताना कॅम पिन. कॅम पिन न घालताही बीसीजी रायफलमध्ये बसतो आणि गोळीही झडू शकते, पण तेव्हा बोल्ट कुलूपबंद नसतो आणि रिसीव्हर तोंडासमोर फुटतो. माझी सवय अशी: टेबलावर एका ताटलीत फायरिंग पिन, तिची अडकवणारी पिन आणि कॅम पिन ठेवायच्या, आणि ताटली रिकामी झाल्याशिवाय वरचा रिसीव्हर बंद करायचा नाही. पत्नीने चहाला हाक मारली तरी ताटली तशीच ठेवून उठायचं, अर्धवट जोडून नाही. रेंजवर एखाद्या गोळीचा आवाज दबका वाटला तर लगेच थांबा, रायफल रिकामी करा आणि बॅरल आरपार मोकळी आहे का ते बघा. गोळी बॅरलमध्ये अडकलेली असताना पुढची झाडली तर कुठलाच बीसीजी वाचवू शकत नाही.

तेलाचं एकच सांगतो: ही रायफल ओली चालते. कॅरियरच्या खालच्या-वरच्या घसरपट्ट्या, कॅम पिन, रिंगा आणि बोल्टचं पोट यांवर तेल दिसलं पाहिजे. बोल्टचं तोंड आणि फायरिंग पिन मात्र कोरडीच.

गावाकडच्या नातेवाइकांत हा विषय निघाला की विचारतात, "आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेची रायफल हीच का?" नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याने ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्य मिळवलं ते .२२ च्या, दर गोळीला हाताने बोल्ट मागे घेऊन भरायच्या रायफलीवर. तिथे गॅस नाही, कॅरियर नाही, त्यामुळे हे दुखणंही नाही. घरातल्या मुलांना नेमबाजी शिकवायची असेल तर मी तीच वाट सुचवतो, एअर रायफलपासून.

मित्राचा गॅस ब्लॉक आम्ही पत्र्याएवढी फट सोडून बसवला. स्क्रूच्या टोकाला जागा मिळावी म्हणून गनस्मिथकडून बॅरलला बारीक खळगा पाडून घेतला. पुढच्या रविवारी आम्ही रेंजवर गेलो. त्याचा जुना काळा बीसीजी, एचचा बफर, तीच स्वस्त ५५ ग्रेनची गोळी, एकेक करून दहा वेळा. दहाही वेळा बोल्ट मागे थांबला, पुंगळ्या चारच्या दिशेला एका सतरंजीएवढ्या जागेत पडल्या. चकचकीत बीसीजी त्याने हेडस्पेस तपासून, तेल लावून डब्यात ठेवला आहे, आणि डब्यावर चिकटवलेल्या कागदावर तारीख आणि झाडलेल्या गोळ्यांचा आकडा लिहिला आहे: ३१०.